कायमचे सायलेन्सर

आमच्या कंपनीत बंदुकांना कोणता सायलेन्सर बसवायचा हे ठरवण्याचं काम ज्या माणसावर सोपवलं होतं, त्याला ऐकू येत नव्हतं. हे आम्हाला कळलं तेव्हा सायलेन्सर वेल्ड होऊन गेले होते. त्याचं नाव रघुनाथ मेस्त. गाव कुडाळच्या बाजूला, मुक्काम ओमानात, रुसैलला. आम्ही मेस्तकाका म्हणायचो. आणि ज्याने हे काम त्यांच्यावर सोपवलं, तो शहाणा मी.

बंदुका म्हटल्यावर दचकू नका. आमची कंपनी किडे मारणारी. झुरळं, ढेकूण, वाळवी, उंदीर. रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड, बाहेर पांढऱ्या पिकअप, आत औषधांचा वास. त्यात एका वर्षी कावळ्यांचं काम मिळालं. मस्कतमध्ये कावळे फार. ते मूळचे इथले नव्हेत, जहाजांवर बसून आपल्याकडून आले म्हणतात; म्हणजे व्हिसाची भानगड सोडली तर त्यांच्यात आणि आमच्यात फारसा फरक नाही. ते कमी करायचे होते. त्यासाठी हवेच्या दाबावर चालणाऱ्या, आखूड नळीच्या रायफली मिळाल्या. आखूड अशासाठी, की पिकअपच्या खिडकीतून वळवता याव्यात. पण बार काढला की आवाजाचा फटका जोरात बसायचा, आणि काम बौशरसारख्या भरवस्तीत. म्हणून काही महिन्यांनी, ज्यांनी काम दिलं त्यांनी अट घातली की प्रत्येक रायफलीला सायलेन्सर हवा, आणि तो सुटा नको, नळीला कायमचा जोडलेला हवा. सुटा सायलेन्सर आज आपल्याकडे आणि उद्या कोणाच्या तरी शिकारीच्या सहलीत. म्हणून एकदा बसवला की खलास. निवड चुकली तर सायलेन्सर बंदुकीसकट भंगारात.

म्हणजे पुष्कळ विचार करून निवडायची वस्तू. साहजिकच ती माझ्याकडे आली. मी परचेसला होतो.

मेस्तकाका कंपनीत माझ्या आधीपासूनचे. तरुणपणी गावच्या जत्रेत नेमबाजीत नाव काढलेलं, ते कोणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे. "फुगेवालो माका लांबसून बघी आणि दुकान बंद करी. म्हणा, मेस्तांनू, आमच्या पोटार पाय नको." पुढे ओमानात येऊन बरीच वर्षं कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये वेल्डिंग केलं. कावळ्यांचं काम आलं, चाचणी झाली, आणि काकांनी मांडलेले सगळे डबे एका दमात उडवले. तेव्हापासून ते कंपनीचे पहिले नेमबाज. खाकी शर्टाची कॉलर कडक इस्त्रीची, डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर टोपी. पिकअपमध्ये असे बसायचे की सिग्नलवर शेजारच्या गाडीतली माणसं नमस्कार करायची.

त्यांची एक सवय पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आली. तुम्ही बोलत असताना ते तुमच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. मला वाटलं माझ्या मिशीत भाताचं शीत अडकलंय. मी दोनदा मिशी पुसली. मग वाटलं, हा माणूस किती लक्ष देऊन ऐकतो! आजवर माझं बोलणं इतकं मन लावून कोणी ऐकलं नव्हतं, बायकोने तर नाहीच. आणि सगळं ऐकून झालं की काका थोडा वेळ थांबून म्हणायचे, "होता तसा." घडतं असं कधीकधी. बस्स, एवढंच. सल्ला नाही, उलट प्रश्न नाही. मी सांगत सुटलो. घरमालकाशी भांडण, मुलीला मराठी वाचता येत नाही, बढती हुकली. होता तसा. होता तसा. होता तसा.

काकांना मात्र त्यांचं त्यांना पक्कं माहीत होतं. कॉम्प्रेसरने कान खाल्ले होते, आधी बारीक आवाज गेले, मग बाकीचेही एकेक करून निघाले. हे बाहेर कळलं की बंदूक जाणार, आणि बंदूक गेली की कुडाळ. म्हणून ते लपवत होते. बंदुकीच्या बाजूला, पिकअपमध्ये, शफीक नावाचा बांगलादेशी टेहळणीला असायचा. त्याचा एक हात कायम काकांच्या खांद्यावर. थोपटला म्हणजे रस्ता मोकळा, दाबला म्हणजे थांब, कोणीतरी मध्ये आलंय. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय जिव्हाळा आहे! मलाही तसंच वाटायचं. वॉकीटॉकी दोघांना दिली होती. काकांची पट्ट्याला लटकलेली, बंद. विचारलं तर म्हणायचे, "बॅटरी खाता."

माझे वडील गेले ते याच काळात. फोन आला, मी मिळालं ते तिकीट काढलं, आणि डोंबिवलीला पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाहेर चपला होत्या, आत माणसं बसली होती. मला काही वाटलं नाही. कोणीतरी चहा दिला, तो प्यायलो. रजा संपली तशी परत आलो, विमानात जेवण आलं ते जेवलो, दुसऱ्या दिवशी फिनाइलच्या ऑर्डरवर सही केली. एकदा बौशरहून परतताना मी पिकअप चालवत होतो आणि काका शेजारी होते. मी रस्त्याकडे बघत त्यांना सांगितलं. बाबा गेले, मी वेळेवर पोचलो नाही, मला रडूही येत नाही, काय झालंय मला कळत नाही. काका माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "बरा झाला. सुटलंस."

मी हादरलो. असं कोणी बोललं नव्हतं. सगळे म्हणत होते देवाची इच्छा, वय झालं होतं. हा माणूस सरळ म्हणाला, सुटलास. मी ते घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कसला विचित्र माणूस आहे!" मी म्हटलं, "तुला कळायचं नाही ते." आणि मग पुढे कितीतरी दिवस मी त्या दोन वाक्यांच्या आधाराने कामावर जात होतो.

तर सायलेन्सर. मी रुसैलमधल्याच एका पुरवठादाराला मेल टाकली. सायलेन्सर पाहिजेत, काळे, आखूड, मजबूत, कायमचे वेल्ड करण्याजोगे. बंदूक हा शब्द मेलमध्ये घालायला मी घाबरलो. उगाच कोणी वाचलं तर? शिवाय सायलेन्सर म्हणजे सायलेन्सर, त्यात काय समजवायचं. माल आला. पिकअपचे सायलेन्सर. काळे, आखूड, मजबूत. एकेक उचलायला दोन माणसं.

शेडसमोर ते ओळीने मांडून ठेवले होते. आमचा ओमानी साहेब सालिम त्यांच्याभोवती फिरला आणि मला म्हणाला, "भाई, ये बंदूक को लगाना है, या बंदूक इसके अंदर रखना है?" मेस्तकाकांनी एक सायलेन्सर उचलायचा प्रयत्न केला, रायफल त्याच्याजवळ धरून बघितली.

"रे परचेस," ते म्हणाले, "ह्यो लावलो तर कावळो हसान हसानच मरतलो. तुझे छर्रे वाचले."

पुरवठादार परत घेईना. ते कंपनीच्या गाड्यांना लावले. वर्षभर आमच्या पिकअप इतक्या शांत चालायच्या की माणसं गाडी आलीय हे न कळताच रस्ता ओलांडायची. मला अजून कोणी त्याबद्दल शाबासकी दिलेली नाही.

दुसऱ्या खेपेला मी बंदूक हा शब्द घातला. तीन वेगवेगळे नमुने आले. एक जाडजूड, एक लांबट, एक छोटा आणि दिसायला फार देखणा. आता प्रश्न असा, की यातला कमी आवाजाचा कोणता? सालिम म्हणाला चाचणी घ्या. ज्याला रोज वापरायचाय त्यालाच निवडू द्या असं मी सुचवलं. मला ते फार समंजसपणाचं वाटलं होतं.

शेडच्या मागे मोकळी जागा आहे, तिथे कचऱ्याचे मोठे डबे, त्यावर कावळे. आम्ही चौघं गेलो. उन्हाळा होता, तेव्हा सालिम गाडीत एसी लावून, काचा वर करून, फोनवर कोणाशी तरी बोलत बसला. शफीक काकांच्या खांद्यावर हात ठेवून. आणि मी सुरक्षेचे नियम काटेकोर पाळणारा माणूस, मी कानांवर ते जाड इअरमफ चढवले. आवाज तपासायला कान झाकून उभा राहिलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. त्या दिवशी रुसैलला यायचं होतं.

काकांनी पहिला नमुना लावून बार काढला. सगळे कावळे उडाले. मी इअरमफ एका बाजूने जरासा उचलून विचारलं, "काका, कसा आहे आवाज?"

काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हसले.

"माझ्या कानाचा काय घेऊन बसलंस? ह्यो ऐकूचो कोणी? कावळ्यान. मगे कावळ्याकच इचार."

मी थक्क झालो. काय बोलला हा माणूस! दुसऱ्या नमुन्याला निम्मे कावळे उडाले. तिसऱ्याला, त्या छोट्या देखण्याला, एक कावळा खाली पडला आणि त्याच्या शेजारचा मान वाकडी करून पडलेल्याकडे बघत तसाच बसून राहिला. काकांनी रायफल खाली केली.

"ह्यो. दुसरो नको."

मी धावत जाऊन सालिमच्या काचेवर टकटक केलं. त्याला कावळ्याची गोष्ट सांगितली. तो खूश झाला. म्हणाला, "माशाल्ला. खलास, यही लगाओ." मी कागदावर लिहिलं, आवाज नाही. खाली माझी सही. पुढे आठवडाभर काकांनी स्वतः ते सगळे सायलेन्सर नळ्यांवर चढवून वेल्ड मारले. वेल्डिंग इतकं सुंदर की जोड कुठे आहे ते बोटाला कळू नये.

नव्या सायलेन्सरनी बौशरला काम सुरू झालं आणि तक्रारी यायला लागल्या. बंदुकीची एकही तक्रार नव्हती. तक्रार शिट्टीची होती. ऑफिसात फोन आला, बाई मराठी निघाल्या, म्हणून माझ्याकडे जोडला.

"अहो, तुमची माणसं गाडीत बसून शिट्ट्या मारतायत सकाळपासून!"

"मॅडम, आमच्याकडे तसली माणसं नाहीत."

"तसली म्हणजे कसली? मी स्वतः ऐकलंय. एक मारली की लगेच दुसरी. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी बाल्कनीत कपडे वाळत घालणं सोडलंय."

"वयस्कर गृहस्थ आहेत हो ते."

"वयस्कर आहेत म्हणून तर लाज वाटते!"

ओमानात हा विषय गमतीचा नाही. बायकांकडे बघून शिट्टी मारली अशी तक्रार पुढे गेली तर माणूस दुसऱ्या दिवशी विमानात. सालिमने काका आणि शफीकला शेडमध्ये बोलावलं. मी दुभाष्या.

काकांना मी खुणेनं आणि मोठ्यानं सांगितलं. त्यांना कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा ते भडकले.

"शिटी? माका शिटी वाजवूक येना नाय! शिटी वाजवूक फुडले दात लागतत. माझे कणकवलीच्या डागतराकडे रवले." आणि त्यांनी तोंड उघडून सालिमला दाखवलं. खरंच नव्हते.

सालिम हसला नाही. त्याने टेबलावरची रायफल उचलली, शेडच्या मागच्या दारात गेला, मातीच्या ढिगाकडे नळी केली आणि बार काढला. या वेळी माझे कान उघडे होते.

सीऽऽऽ.

बारीक, लांब, सुईसारखी शिट्टी. फटका अजिबात नव्हता, नुसती शिट्टी. कोपऱ्यावर उभं राहून मवाली मारतात तशी. शेडमधली सगळी माणसं वळली. औषधं भरणारे थांबले. सालिमने पुन्हा बार काढला. सीऽऽऽ. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काका आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होते. एकाच्या, मग दुसऱ्याच्या, मग माझ्या. कोणाचेच ओठ हलत नव्हते.

"कसली शिटी?" ते म्हणाले.

मग माझ्याकडे वळले.

"कसली शिटी रे, परचेस?"

मी शफीककडे बघितलं. तो खाली बघत होता. त्याने पहिल्या दिवसापासून ऐकली होती. नंतर मी त्याला फैलावर घेतलं, तर म्हणाला, "काका ने बोला अच्छा है, तो अच्छा है." सालिमने रायफल टेबलावर ठेवली आणि माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "सोचो, कोई बच्चा बीच में आता तो?" मी विचार केला. इतके दिवस बौशरच्या त्या गल्ल्यांत, बंदूक आणि शाळेत निघालेली पोरं यांच्यामध्ये शफीकचा एक हात होता. फक्त तेवढाच.

मस्कतजवळ सीबला एका दवाखान्यात कान तपासायला काकांना मी घेऊन गेलो. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला यंत्र लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. काका पटापट दाबत होते, अगदी बरोबर वेळेला. तपासणारी मुलगी चकित. मीही म्हटलं, चला, सालिमची चूक झाली. मग तिच्या लक्षात आलं की काचेत तिच्या हाताचं प्रतिबिंब पडतंय आणि काका ते बघून दाबतायत. तिने खुर्ची भिंतीकडे फिरवली. त्यानंतर काका बटणावर अंगठा ठेवून भिंतीकडे बघत बसले. ती यंत्राचे आवाज चढवत गेली. अंगठा हलला नाही. शेवटचे आवाज मला बाहेर ऐकू येत होते.

बाहेर आल्यावर जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, आम्ही चहाला बसलो. मी बाकावर शेजारी बसणार होतो, त्यांनी हाताने खूण करून समोर बसवलं. आता लपवायचं काही नव्हतं.

"किती दिवस झाले, काका?"

"हळू बोल, आणि तोंड उघडून बोल." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "हय बहिरो कोण न्हय? अरबाक माझी हिंदी कळना नाय. शफीकाक माझी मालवणी कळना नाय. सगळे हात हलयतत, मुंडी हलयतत, इन्शाल्ला म्हणतत. मी पण मुंडी हलयलंय. खपान गेलंय. घराकडे गेलंय तर बायको मागच्या दारातसून हाक मारतली. एकदा मारतली, दोनदा मारतली. मगे?"

त्यांनीच पुढे पूर्ण केलं. "देवान माझ्या कानाक सायलेन्सर बसवल्यान. तो पण सुटो न्हय." आणि स्वतःच हसले. मी हसलो नाही. माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी हळूहळू चालत येत होतं.

"म्हणजे काका, मी बोलायचो ते तुम्हाला...?"

"सगळ्यांचा जमता माका. ओठ वाचतंय. तुझा जमना नाय. तुझी ती मिशी. ओठार छप्पर घातल्यासारखी."

"काहीच नाही कळायचं?"

"मेल्या, तू बोलतंस पण किती! मी म्हणा, होता तसा. तुका बरा वाटायचा."

मी मिशीवरून हात फिरवला. घरमालक, मुलगी, बढती. मग ते विचारावंच लागलं. हाताने मिशी वर धरून, त्या चहाच्या दुकानात, माणसं बघत असताना, मी विचारलं, "माझ्या वडिलांचं सांगितलं होतं तेव्हा? पिकअपमध्ये?"

"कोणाचो बापूस?"

"माझे वडील. गेले ते. तुम्ही म्हणालात बरा झाला, सुटलंस."

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "माका वाटला घरमालकाचो तंटो मिटलो तुझो," ते म्हणाले. मग टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "तुझो बापूस गेलो? कधी?"

दोन वर्षं होत आली होती. पण त्यांना ते त्या क्षणी कळलं होतं, आणि ते त्याच क्षणी समाचाराला आल्यासारखे बसले. रीतीप्रमाणे सगळं विचारलं. आजार काय होता? किती दिवस पडून होते? तोंडात पाणी कोणी घातलं? आग कोणी दिली? मी मिशी वर धरून एकेक उत्तर देत होतो. फुप्फुसात पाणी झालं. थोडे दिवस. बहिणीने. चुलतभावाने. मग त्यांनी विचारलं, "कावळो शिवलो?"

मी म्हटलं, "माहीत नाही, काका. मी नव्हतो."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मी विचारलंच नव्हतं कोणाला. इतके दिवस मी छर्रे मागवत होतो, किती कावळे पडले त्याच्या कागदांवर सह्या करत होतो, आणि घरी एक फोन करून हे विचारावं असं मला एकदाही वाटलं नव्हतं. काकांनी हात पुढे करून माझ्या पाठीवर ठेवला आणि चहा थंड होईपर्यंत काढला नाही. मला रडू आलं असं लिहायला हवं. नाही आलं. पाठीवर वजन आहे, एवढं कळत होतं.

बंदूक त्याच दिवशी गेली. सालिम भला माणूस, त्याने काकांना शेडमध्ये वेल्डिंगचं काम देऊ केलं. काकांनी काही दिवस केलं. पण आता सगळ्यांना कळलं होतं. माणसं त्यांच्याशी ओरडून बोलायला लागली, वेड्याशी बोलावं तसे हातवारे करायला लागली. काका मला म्हणाले, "आधी सगळेच बहिरे होते. आता मी एकटोच." आणि राजीनामा दिला. सायलेन्सर बंदुकांसकट भंगारात गेले. मला परचेसमधून काढून झुरळांच्या विभागात टाकलं. तिथे आवाजाचा प्रश्न येत नाही.

काका निघायच्या आदल्या दिवशी मी मिशी काढली. मुलगी मला बघून किंचाळली, इंग्रजीत. बायको म्हणाली, "तुमचा वरचा ओठ असा आहे होय?" विमानतळावर काकांनी माझ्याकडे बघितलं, दोन पावलं मागे सरकून पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "आता दिसता." मग मला म्हणाले, काय बोलायचंय ते बोल. मला एक वाक्यही आठवेना. मी म्हटलं, सांभाळून जा.

घरी त्यांच्या बायकोला, म्हणजे काकींना, सगळं आधीपासून ठाऊक होतं. त्या मला फोनवर म्हणाल्या, "मी इचारी, येतलात कधी? ते म्हणीत, जेवलंय. मगे मी इचारूचाच सोडलंय." काकांना त्या हाक मारत नाहीत. अंगणात ते पाठमोरे असले तर खडा टाकतात, त्यांच्या पुढ्यात पडेल असा.

शुक्रवारी मी व्हिडिओ कॉल करायचो. पहिल्या वेळी मी सवयीने ओरडलो. काका वैतागले. "बोंबलू नको. बोंबललंस की तोंड वाकडा होता. आवाज तुझो तुझ्याकडे ठेय. निसते ओठ हलय." म्हणून मी नुसते ओठ हलवायला शिकलो. बौशरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, फोन समोर धरून, आवाज न काढता मी तास तासभर बोलायचो. शेजारच्या मल्याळी कुटुंबाला वाटायचं मी जप करतो. आवाज नसला की माणूस काहीही बोलू शकतो हे मला तेव्हा कळलं. बाबांबद्दल मी आवाजात जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं, ते सगळं त्या बाल्कनीत सांगितलं. काका वाचायचे. अडलं की हात वर करायचे, मी परत सांगायचो. एकदा त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि म्हणाले, "तुका माहीत आसा काय, तू रडतंस?" मला माहीत नव्हतं. मी गालाला हात लावून बघितला.

काकांच्या नंबरावरून मला नेहमी व्हिडिओ कॉलच यायचा. साधा फोन कशाला येईल? गेल्या महिन्यात, मी सीबला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात औषध फवारत होतो आणि त्या नंबरावरून साधा फोन वाजला. मी फवारणीचा नळ बंद केला. मागच्या दारातून बाहेर आलो. काय झालंय ते मला उचलायच्या आधी कळलं होतं, तरी उचलला.

पलीकडून काकींचा आवाज आला. मी म्हटलं, काकी, बोला. मी म्हटलं, कधी? कसं झालं? मी येतो, काकी, या वेळी मी येतो. मी बोलत होतो, माझे ओठ हलत होते, आणि काकी विचारत होत्या, "हॅलो? हॅलो? तुमचो आवाज येना नाय. कोण बोलता काय थयसून?"